वळ्या पडलेल्या तैल शेलचे वय कसे ठरवतात?

रंकाळाकाठ | ९ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. पाटबंधाऱ्यांच्या कामांवर तीस वर्षे घालवून मी आता कोल्हापुरात निवृत्तीचे दिवस काढतो आहे. दगडाशी माझी ओळख पाया खोदण्यापुरतीच आहे, हे आधीच सांगतो.

माझा भाचा आसामात मार्घेरिटाच्या परिसरात नोकरीला आहे. गेल्या आठवड्यात सुट्टीवर येताना त्याने तिथल्या रस्त्याच्या कापात सापडलेला एक दगड माझ्यासाठी आणला. दगड काळपट तपकिरी आहे, आकाराच्या मानाने हलका आहे आणि चाकूने खरवडला तर तपकिरी भुकटी पडते. त्याची एक कपची चिमट्यात धरून गॅसवर तापवली तेव्हा धूर निघाला आणि स्वयंपाकघरभर डांबराचा वास पसरला, त्याबद्दल मला घरून बोलणीही खावी लागली. भाच्याच्या म्हणण्यानुसार हा ऑइल शेल, म्हणजे तैल शेल आहे, चिखल घट्ट होऊन बनलेला आणि तापवल्यावर तेल देणारा दगड.

माझा प्रश्न वेगळाच आहे. आपल्या सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक रचलेल्या फरशांसारखे आडवे असतात, त्यामुळे खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा, एवढे कोणालाही कळते. भाच्याने दाखवलेल्या फोटोत मात्र थर पिळून टाकलेल्या धोतरासारखे दिसतात. काही ठिकाणी ते उभे झाले आहेत, काही ठिकाणी तुटून एकमेकांवर चढले आहेत, आणि एकच काळा पट्टा एका कापात तीनदा दिसतो. अशा खडकाचे वय सांगता येते का, आणि थर चुरगळल्यामुळे ते वय बिघडते का? जाणकारांनी सवडीने लिहावे.

स्तरवेध | ९ ऑगस्ट, रात्री १०:४५

काका, प्रश्न फार नेमका विचारला आहे. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते आणि दरवर्षी मुलांना याच ठिकाणी अडखळताना पाहते.

घडीची पोळी डोळ्यांसमोर आणा. कणीक मळली ती एक वेळ, तिला तेल लावून घडी घातली ती दुसरी वेळ, आणि तव्यावर भाजली ती तिसरी वेळ. पोळी तयार झाल्यावर कोणी नुसते ‘ही केव्हाची?’ असे विचारले, तर आधी आपल्यालाच उलट विचारावे लागेल की यांपैकी कोणती वेळ हवी आहे. तुमच्या दगडाचेही तसेच आहे. तळ्याच्या किंवा समुद्राच्या तळाशी शेवाळ आणि चिखल एकत्र साचला तो एक काळ, त्या थरांना वळ्या पडल्या तो दुसरा काळ, आणि खोल गाडले जाऊन त्यातील सेंद्रिय पदार्थ तापला, तो जितका तापला असेल तितका, तो तिसरा काळ. या तिन्ही काळांसाठी वेगवेगळी घड्याळे वापरावी लागतात, आणि एका घड्याळाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवले की सगळा घोटाळा सुरू होतो.

वळ्या पडल्याने पहिले वय बिघडत नाही, कारण ते थराच्या आडवेपणात साठवलेले नसते. बिघडते ते आपले वाचन. निकोलस स्टेनोने १६६९ साली मांडलेला ‘खालचा थर जुना’ हा नियम थर मूळ जागी असतील तोपर्यंतच चालतो. वळी पूर्ण उलटली की जुना थर वर येतो आणि नियम शब्दशः लावणारा माणूस इतिहास उलटा वाचतो. म्हणून प्रयोगशाळेच्या आधीचे काम म्हणजे थराची मूळ वरची बाजू कोणती, हे शोधणे.

मंगळवारपेठ | १० ऑगस्ट, सकाळी ८:०५

माझ्या वाचनाप्रमाणे सेंद्रिय पदार्थ असलेल्या कोणत्याही वस्तूचे वय कार्बन-१४ वरून निघते. या दगडात तर सेंद्रिय पदार्थ भरपूर आहे, मग एखाद्या प्रयोगशाळेकडे तुकडा पाठवून सरळ उत्तर का मिळवू नये?

रसायनी | १० ऑगस्ट, सकाळी ९:३०

दादा, पैसे वाया जातील. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५,७३० वर्षांचा आहे, त्यामुळे साधारण ५०,००० वर्षांनंतर मोजण्याजोगा कार्बन-१४ उरतच नाही. तैल शेल कोट्यवधी वर्षांचे असतात. अशा नमुन्यातून जर एखादा आकडा आलाच, तर तो भेगांतून शिरलेल्या मुळांचा, बुरशीचा किंवा हाताळणाऱ्याच्या बोटांचा असेल. उत्खननातल्या कोळशाला लागू पडणारी पद्धत खाणीतल्या कोळशाला लागू पडत नाही, हे लक्षात ठेवले की पुरे.

खोदकाम | १० ऑगस्ट, दुपारी १:२०

मी त्याच भागात अनेक वर्षे विहिरींच्या खोदाईवर होतो आणि आता मूळ गावी, गडहिंग्लजला परतलो आहे. रंकाळाकाठ साहेबांच्या भाच्याने जे पाहिले ते तिथे नवलाचे नाही. नागा टेकड्यांच्या पायथ्याशी थ्रस्टची, म्हणजे एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूच्या खडकावर चढवणाऱ्या विभंगांची, एक पट्टीच आहे. नागा थ्रस्टपासून दिसांग थ्रस्टपर्यंतच्या त्या पट्टीला ‘शुपेन’ म्हणतात, कारण तिथे खडकांचे तुकडे माशाच्या खवल्यांसारखे किंवा कौलांसारखे एकमेकांवर सरकलेले आहेत. १८८९ साली जिथे तेल लागले ते डिगबोई याच रचनेच्या काठावर आहे.

विहीर खोदताना याचा अर्थ फार रोखठोकपणे कळतो. जुन्या खडकातून खाली जाता जाता एकदम तरुण खडक लागतो, आणि पुढे कधी कधी तोच जुना थर पुन्हा भेटतो. नवशिक्यांना वाटते की नमुन्यांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या चुकीच्या लागल्या. आम्ही चिकाटीने दर काही मीटरच्या कपच्या परागकण आणि बीजाणू तपासणाऱ्यांकडे पाठवत असू, आणि थर उलटले आहेत की दुहेरी झाले आहेत, हे बहुधा त्यांच्या अहवालावरून ठरत असे.

मार्घेरिटाच्या आसपासचा माकूम कोळसापट्टा बराइल गटातल्या तिकक पर्वत रचनेत, म्हणजे त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांच्या संचात, येतो आणि तिचा काळ ऑलिगोसीन मानतात, म्हणजे ढोबळमानाने ३.४ ते २.३ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथले कार्बनयुक्त शेल कोळशाच्या थरांसोबतच सापडतात. भाच्याचा दगड त्याच रचनेतला आहे की नाही, हे फोटोवरून मी सांगणार नाही. पण कोळसा शेजारी असेल तर एक सोपी खूण मिळते. ज्या दलदलीत झाडे वाढली तिच्या तळच्या मातीत मुळांचे ठसे राहतात, आणि मुळे जमिनीत खालीच जातात. कोळशाच्या ज्या बाजूला मुळांचे ठसे आहेत, ती थराची मूळ खालची बाजू. आज ती बाजू आभाळाकडे असेल, तर थर उलटा आहे.

शंकासुर | १० ऑगस्ट, सायंकाळी ६:५०

सर्वांचे लेखन वाचले आणि एक शंका आली. खडकाचे वय जीवाश्मांवरून ठरवायचे, आणि जीवाश्मांचे वय ते ज्या खडकात सापडले त्यावरून ठरवायचे, हे म्हणजे दोघा उधळ्यांनी एकमेकांना जामीन राहण्यासारखे झाले. त्यातून थर उलटेपालटे असतील, तर परागकणांचा क्रम तरी कशावरून बरोबर? कृपया कोणी राग मानू नये.

स्तरवेध | १० ऑगस्ट, रात्री ११:१५

राग कसला, ही शंका आलीच पाहिजे. जामीन राहणारे दोघेच असते तर तुमचे म्हणणे खरे ठरले असते, पण इथे क्रम आधी वेगळ्या ठिकाणी ठरलेला असतो. विल्यम स्मिथ या सर्वेक्षकाने इंग्लंडमध्ये कालवे खणताना, जिथे थर फारसे विस्कटलेले नव्हते तिथे, प्रत्येक थरातले जीवाश्म ठराविक क्रमाने बदलतात हे पाहिले, आणि त्याच्या आधारे १८१५ साली नकाशा प्रसिद्ध केला. साध्या थरांत पडताळलेला तो क्रम मग विस्कटलेल्या ठिकाणी किल्लीसारखा वापरला जातो. वर्षांचे आकडे तर पुढे किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून आले, ज्यांना जीवाश्मांशी काही देणेघेणे नाही. आर्थर होम्सने १९११ साली युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून खडकांची वये काढली तेव्हा ती जीवाश्मांच्या क्रमाशी जुळली. ती जुळली नसती, तर तुमची शंका आज पाठ्यपुस्तकात असती.

वळ्या पडलेल्या शेलबाबत तर माझे आवडते उदाहरण स्कॉटलंडमधल्या मॉफटचे आहे. तिथल्या काळ्या शेलच्या पट्ट्या डोंगरांत पुनःपुन्हा दिसतात, त्यामुळे त्या सगळ्या वेगवेगळ्या आणि एकावर एक असाव्यात, असा समज होता, आणि त्या हिशेबाने खडकांची एकूण जाडी अवाढव्य निघत होती. चार्ल्स लॅपवर्थ हा गॅलशील्स गावातला शाळामास्तर. त्याने सुट्ट्यांमध्ये त्या शेलमधले ग्रॅप्टोलाइट, म्हणजे करवतीच्या पात्यासारखे दिसणारे लहान वसाहती जीव, थराथरातून गोळा केले आणि बारकाईने नोंदले. कोणती जात कोणत्या इंचावर मिळते, इतक्या पातळीवर त्याचे काम गेले. त्यातून दिसले की क्रम मध्येच उलटा होतो, परत सुलटा होतो, आणि अनेक वाटणाऱ्या पट्ट्या म्हणजे एकच पातळ थर वळ्यांमुळे पुनःपुन्हा वर आलेला आहे. हे त्याने १८७८ साली मांडले, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ऑर्डोव्हिसियन हे कालखंडाचे नाव सुचवले. त्याच परिसरातली डॉब्स लिन ही घळ आज सिल्युरियन कालखंडाच्या आरंभाची जागतिक खूण मानली जाते. मॉफटचा शेल आता तैल शेल नाही, कारण तो फार तापून गेला आहे, पण तुमच्या भाच्याच्या कापातले कोडे आणि लॅपवर्थचे कोडे एकाच जातीचे आहे.

थोडे स्वतःबद्दलही सांगते. विद्यार्थिदशेत माझ्या पहिल्या क्षेत्रकामात मी एकच चुनखडीचा थर वळीच्या दोन्ही बाजूंना मोजला, त्याला दोन नावे दिली आणि अहवालात जाडी दुप्पट दाखवली. मार्गदर्शकांनी कागदाची पट्टी घेतली, तिला मधोमध वळवले आणि माझ्यासमोर ठेवली. त्यापलीकडे ते काही बोलले नाहीत.

रसायनी | ११ ऑगस्ट, सकाळी १०:००

आता पहिल्या वयाच्या घड्याळांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तैल शेलची खरी गंमत तिथे आहे.

सर्वांत भरवशाचे घड्याळ म्हणजे थरांमध्ये अडकलेली ज्वालामुखीची राख. ती एका झटक्यात पडते आणि तिच्यात झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात. झिरकॉन तयार होताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ बाहेरच ठेवतो, त्यामुळे नंतर आत सापडलेले शिसे युरेनियमच्या क्षयातूनच आलेले असते. युरेनियमची दोन समस्थानिके, एकाचा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षे आणि दुसऱ्याचा सुमारे ७० कोटी वर्षे, दोन वेगवेगळ्या शिशांत बदलतात. एकाच स्फटिकात दोन घड्याळे चालू असल्याने एकाने दगा दिला तर दुसरे चुगली करते. रंकाळाकाठ साहेबांच्या मूळ प्रश्नाला इथे सरळ उत्तर मिळते. झिरकॉनमधून शिसे पसरून बाहेर पडायला ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते, आणि तैल शेलला वळ्या पडताना असते ते त्याच्या एका लहानशा अंशाइतके. थर उभा राहो, आडवा होवो की उलटा पडो, स्फटिकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग राज्यांत पसरलेली ग्रीन रिव्हर रचना हे तैल शेलचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. ती इओसीन काळातल्या तळ्यांत साचली आणि तिच्यात राखेचे पुष्कळ थर आहेत. पोटॅशियमच्या क्षयातून बनणाऱ्या आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून आणि झिरकॉनवरून काढलेल्या वयांनुसार ती साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीची ठरते. तिथल्या दोन राखथरांची नावे ‘कर्ली’ आणि ‘वेव्ही’ अशी आहेत, म्हणजे नावातच वेटोळे आणि लाटा आहेत, आणि तरीही त्यांची वये व्यवस्थित मोजली गेली आहेत.

राख नसेल तर? तेव्हा सेंद्रिय पदार्थच घड्याळ होतो, पण कार्बनमुळे नव्हे. ऑक्सिजन नसलेल्या तळाशी चिखल साचताना पाण्यातले रेनियम आणि ऑस्मियम हे दोन अतिविरळ धातू सेंद्रिय पदार्थाबरोबर खाली बसतात. रेनियम-१८७ चा हळूहळू ऑस्मियम-१८७ होतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४,१६० कोटी वर्षे आहे, म्हणजे विश्वाच्या वयाच्या जवळपास तिप्पट, तरीही आजची उपकरणे तो फरक मोजतात. एकाच अरुंद पट्ट्यातून अनेक नमुने घ्यायचे, प्रत्येकात दोन्ही धातूंचे प्रमाण मोजायचे आणि आलेख काढायचा. बिंदू एका सरळ रेषेवर बसले तर रेषेच्या चढावरून वय निघते. ते बसले नाहीत, तर प्रामाणिकपणे हात वर करायचे. ग्रीन रिव्हरच्या थरांवर ही पद्धत वापरली तेव्हा आलेली वये राखेच्या वयांशी जुळली, म्हणून तळ्यातल्या शेललाही ती चालते असे मानायला आधार आहे.

नमुना घेण्याची पथ्ये कडक आहेत. हवेने झिजलेला पृष्ठभाग चालत नाही, कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडीतल्या पांढरट खनिजाच्या, शिरा असलेला तुकडा चालत नाही, आणि जिथे हातोड्याचे लोखंड घासले असेल तो भाग घासून काढावा लागतो. प्रत्येक नमुना वीसएक ग्रॅमपेक्षा मोठा असावा लागतो. विरघळवण्यासाठी क्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्लाचे मिश्रण वापरतात, कारण त्यात पाण्यातून आलेले धातू सुटतात आणि नदीने वाहून आणलेल्या जुन्या मातीतले बहुतांशी तसेच राहतात.

शंकासुर | ११ ऑगस्ट, दुपारी १२:४०

जुन्या मातीचा उल्लेख तुम्हीच केलात म्हणून विचारतो. शेल म्हणजे शेवटी कुठल्या तरी डोंगराची झीज. मग त्यात त्या डोंगराचेच जुने स्फटिक असणार. आपण थराचे वय मोजतो आहोत की डोंगराचे?

रसायनी | ११ ऑगस्ट, दुपारी २:१५

हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि अनेक जुनी मोजमापे इथेच फसली आहेत. अख्खा शेल दळून त्यातल्या पोटॅशियम आणि आर्गॉनवरून वय काढले, तर वाहून आलेल्या अभ्रकामुळे थर आहे त्यापेक्षा जुना दिसतो. वाहून आलेल्या झिरकॉनचेही तसेच आहे, मात्र तिथे एक उपयोग होतो. थरात सापडलेल्या सर्वांत तरुण झिरकॉनपेक्षा थर जुना असू शकत नाही. ही वरची मर्यादा झाली, वय नव्हे. राखेतले आणि गाळातले झिरकॉन आकारावरून बरेचसे ओळखता येतात. राखेतले टोकदार आणि धारदार कडांचे असतात, वाहून आलेले गोटे झालेले असतात.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर सह्याद्रीतल्या लाव्हाथरांमध्ये जी लाल माती असते, तिच्यातल्या काही थरांतून राखेचे झिरकॉन वेचून दख्खनच्या लाव्हांचे वय फार बारकाईने काढले गेले आहे. ते सुमारे ६.६ कोटी वर्षे आहे.

रंकाळाकाठ | ११ ऑगस्ट, रात्री ८:३०

ती लाल माती म्हणजे आमचा लाल बोल! धरणाच्या पायात ती लागली की आमच्या पोटात गोळा यायचा, कारण पाणी लागताच ती मऊ पडते. खरवडून काढून काँक्रीट भरण्यापलीकडे आम्ही तिच्याकडे कधी पाहिले नाही. किती घड्याळे ट्रॉलीत भरून फेकली असतील, देव जाणे.

पहिल्या वयाचे बऱ्यापैकी समजले. आता दुसरे वय कसे काढतात ते सांगावे, म्हणजे थर चुरगळले केव्हा? माझ्या मते अभियंत्याला तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो, कारण हालचाल जुनी आहे की अजून चालू आहे, यावर बांधकाम अवलंबून असते.

स्तरवेध | १२ ऑगस्ट, सकाळी ७:२०

काका, याचे उत्तर आधी घराजवळच देते. बदामीची लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. ती ज्या लाल वालुकाश्मात कोरली आहेत त्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. त्याच कलादगी खोऱ्यात, ज्याचे काही खडक आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातही उघडे पडले आहेत, त्याखालचे बागलकोट गटाचे खडक मात्र वळ्या पडून कलते झालेले आहेत, आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर बदामी गटाचे थर पसरलेले आहेत. याला कोनीय विसंगती म्हणतात. वळ्या बागलकोटचे थर साचल्यानंतर आणि बदामीचे थर साचण्याआधी पडल्या, हे त्या एका रेषेवरून उपकरणाशिवाय कळते. जेम्स हटनला १७८८ साली स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला अशीच रेषा दिसली होती.

याच न्यायाने, वळ्यांना आरपार छेदून जाणारी अग्निज खडकाची भिंत मिळाली तर वळ्या तिच्यापेक्षा जुन्या, आणि भिंतच वळलेली असेल तर वळ्या तिच्यापेक्षा तरुण. भिंतीचे वय काढता येते, म्हणजे वळ्यांना मर्यादा घालता येते.

थेट वय काढायचे तर विभंगाच्या पट्टीत दळलेली जी चिकण भुकटी असते, तिच्यातील इलाइट हे खनिज उपयोगी पडते. काही इलाइट मूळ खडकातून आलेले असते आणि काही विभंग हलताना नव्याने तयार झालेले असते. दोघांची स्फटिकरचना वेगळी असते. भुकटी बारीक-जाड अशी वेगळी करून प्रत्येक भागातले नव्या-जुन्याचे प्रमाण आणि आर्गॉनचे वय मोजले, की शंभर टक्के नवे इलाइट असते तर वय किती आले असते, हे आलेख वाढवून काढता येते. दुसरा मार्ग शिरांचा आहे. वळ्या पडताना उघडलेल्या भेगांत कॅल्साइट भरते, आणि त्यात पुरेसे युरेनियम असेल तर लेझरने खरवडून त्याचे वय काढता येते. गंमत म्हणजे रेनियमच्या पद्धतीत ज्या शिरा टाळायच्या, त्याच इथे हव्या असतात.

चुंबकीय दिशांचाही उपयोग होतो. जॉन ग्रॅहमने १९४९ साली सुचवलेली घडीची कसोटी अशी आहे: वळीच्या दोन्ही बाजूंच्या नमुन्यांतली चुंबकीय दिशा मोजायची आणि कागदावर वळी सपाट करून पाहायची. सपाट केल्यावर दिशा एकमेकींशी जुळल्या, तर चुंबकत्व वळ्यांच्या आधीचे. न करताच जुळत असतील, तर नंतरचे.

आता तिसऱ्या काळाबद्दल एकच गोष्ट, पण ती मला फार महत्त्वाची वाटते. तुमचा दगड तापवल्यावर धूर आणि वास आला, म्हणजे त्यातला केरोजेन, ज्यापासून तेल बनते तो घट्ट सेंद्रिय पदार्थ, अजून पुरता शिजलेला नाही. केरोजेनचे तेल होऊ लागते ते साधारण ६० अंशांच्या पुढे, आणि १५० अंशांच्या आसपास ते काम बहुतांशी आटोपते. खडक अजून तैल शेल आहे, याचाच अर्थ तो त्या तापमानात फार काळ राहिलेला नाही. म्हणजे इतके चुरगळूनही तो फार खोल गेला नसावा. रसायनी सरांनी सांगितलेली घड्याळे का शाबूत राहतात, त्याचा पुरावा तुमच्या स्वयंपाकघरातल्या वासात होता. काकूंना एवढे सांगून पाहा.

रंकाळाकाठ | १३ ऑगस्ट, रात्री ९:००

सांगून पाहिले. खिडक्या उघड्या ठेवण्याच्या अटीवर विषय मिटला आहे.

भाच्याने आणखी फोटो पाठवले आहेत, त्यात एक नवी गोष्ट दिसते. एका ठिकाणी हातभर जाडीच्या पट्ट्यात थर अगदी वेटोळे झाले आहेत, पण त्याच्या लगेच वरचा आणि लगेच खालचा थर मात्र सरळ आणि एकमेकांना समांतर आहेत. डोंगर चुरगळला तर मधलाच पट्टा कसा चुरगळेल?

खोदकाम | १४ ऑगस्ट, सकाळी ६:४०

साहेब, हे महत्त्वाचे निरीक्षण आहे. डोंगर उचलला जाताना पडलेल्या वळ्या साधारणपणे वरच्या आणि खालच्या थरांनाही सोबत घेतात. एकच पट्टा वेटोळा आणि आजूबाजूचे सरळ असतील, तर तो चिखल ओला असतानाच तळाच्या उतारावरून घसरला असण्याची शक्यता आहे. भूकंपाच्या धक्क्यानेही असे होते. वेटोळ्यांचे माथे वरच्या सरळ थराने कापल्यासारखे दिसत असतील तर शक्यता बळावते. तसे असेल, तर त्या पट्ट्यापुरते साचण्याचे वय आणि चुरगळण्याचे वय व्यवहारात एकच झाले, आणि त्यावरून नागा टेकड्यांच्या उचलीबद्दल काही बोलणे चूक ठरेल.

मात्र घाई करू नये. मऊ शेल दोन कठीण थरांमध्ये सापडला, तर थर एकमेकांवरून सरकतानाही मधला शेल असाच चुरगळतो. फरक ओळखायला हाताने पाहावे लागते. शेल सरकून चुरगळला असेल तर फुटलेल्या पृष्ठभागांवर घासून चकाकी आलेली असते आणि एका दिशेने ओरखडे असतात, शिवाय कॅल्साइटच्या शिरा भेटतात. ओल्या चिखलाच्या घसरणीत त्या भेटत नाहीत.

स्तरवेध | १४ ऑगस्ट, दुपारी ३:३०

खोदकाम दादांच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. एक भर घालते. भाच्याला सांगा, की शेल पातळ पापुद्र्यांत फुटतो तेव्हा ते पापुद्रे थराला समांतर आहेत की थराला तिरके छेदतात, हे पाहावे. तिरके छेदत असतील, तर ती दाबामुळे आलेली फुटण्याची दिशा आहे, आणि मग हालचाल खडक घट्ट झाल्यानंतरची. थर आणि ही फुटण्याची दिशा दोन्ही एकाच बाजूला कलत असतील, तर थराचा कल अधिक उभा असलेल्या जागी थर उलटलेला असतो. मुळांचे ठसे न मिळाल्यास ही खूण कामी येईल.

रसायनी | १४ ऑगस्ट, रात्री ९:१०

माझ्याकडून सावधगिरीचा एक शब्द. कोळशाशेजारचा शेल असेल, तर त्यात जमिनीवरून आलेल्या पालापाचोळ्याचे प्रमाण मोठे असू शकते. अशा ठिकाणी सुरुवातीचे ऑस्मियम सर्व नमुन्यांत सारखे होते याची खात्री कमी असते, आणि आलेखावर बिंदू विखुरतात. म्हणून त्या खर्चिक मोजणीच्या आधी राख शोधावी. ती पांढरट किंवा फिकट हिरवट, साबणासारख्या गुळगुळीत चिकणमातीच्या बोटभर पट्टीसारखी दिसते, आणि ओली केली की फुगते. सापडल्यास दोन-तीन किलो माती स्वच्छ पिशवीत घ्यावी, कारण त्यातून मूठभर झिरकॉनही निघत नाहीत.

रंकाळाकाठ | १५ ऑगस्ट, सकाळी ११:४५

सर्वांचे लेखन छापून भाच्याला दिले. तिकडे पावसाने रस्त्याचा तो काप सध्या ढासळला आहे, त्यामुळे दिवाळीनंतरच जाता येईल असे तो म्हणतो. त्याने वहीत पुढील क्रमाने नोंद केली आहे: आधी कोळशाखालची मुळे, मग वेटोळ्या पट्ट्याचा माथा आणि त्यावरची चकाकी, मग साबणासारखी माती, आणि हातोडा सर्वांत शेवटी. काळा पट्टा तीनदा का दिसतो, याचा एक कच्चा छेद मी माझ्या जुन्या ड्रॉइंग बोर्डवर काढून पाहिला. दोन वळ्या धरल्या तर जमतो, आणि एक वळी व एक थ्रस्ट धरला तरीही जमतो.

स्तरवेध | १५ ऑगस्ट, दुपारी १२:३०

मधला पट्टा उलटा निघाला तर दोन वळ्या, आणि तिन्ही सुलटे व एकाच बाजूला कलते निघाले तर मध्ये दोन थ्रस्ट असतील, तुमच्या छेदात धरलेला एक पुरणार नाही. छेदाचा फोटो इथे टाका, काका.